दिल्लीत बोललेली बनुबाई

"आये, ज्ञानूला फौजंत धाडू नगंस. मी हाय तेवढं बास."

दोन वर्षं झाली होती, तरी जात्याचा खुंटा हातात धरला की बनुबाईला हा आवाज ऐकू येई. रजा संपवून निघालेला थोरला लेक सयाजी उंब्रजच्या फाट्यावर करंजाखाली उभा होता. लांबवर मोटारीचा धुरळा उठला, तसा तो वाकला आणि आईच्या कानाशी आणखी एक गोष्ट बोलला. "ही मातूर कुनाला सांगू नगंस. माझी आन हाय तुला."

तिनं कुणाला सांगितली नाही. पुढं सयाजी इटलीत पडला. तार आली. देहावाचून दिवस झाले. फाट्यावरची ती गोष्ट तिच्या पोटात तशीच राहिली, जात्यात अडकलेल्या खड्यासारखी.

पूर्वी दळताना ती गायची:

दोन माझी ल्येकरं, जशी नांगराची जोडी
एक न्येला समिंदरापार, एकला रान फोडी

तार आल्यापासून जातं मुकं फिरत होतं.

एके दिवशी सोप्यावर थोरले दीर दादासो वर्तमानपत्र घेऊन बसले होते. दादासो पेन्शनीतले सुभेदार. मिशा अजून कवायतीत असल्यासारख्या ताठ. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही, ही घराची रीत. नवरा होता तोवर एक बरं होतं. तो गेल्यावर बनुबाईचं बोलणं थोरली जाऊ शालूबाईच्या तोंडून सोप्यावर जाई आणि दादासोंचं उत्तर त्याच वाटेनं माघारी येई.

"शालू, सांग तुझ्या जावंला," दादासो मोठ्यानं म्हणाले, "दिल्लीत तिचं नाव गाजतंय!"

"आता मी काय सांगू? गल्लीला आइकू गेलं," शालूबाई म्हणाली.

दादासो वाचू लागले. दिल्लीच्या असेंब्लीत लढाईच्या खर्चावर वाद चालला होता. सरकारनं नेमलेले मेंबर लालासाहेब उठून म्हणाले होते, 'माझ्या सातारा जिल्ह्यातल्या एका मातेचा पुत्र रणात पडला. मी तिच्या दारी गेलो. तिनं माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, साहेब, आणखी एक आहे, तोही सरकारचाच! जिथं अशा माता आहेत, तिथं लोक या लढाईला नाखूश आहेत असं कोण म्हणतो?' यावर सभागृहात बाकं वाजली.

दाराआड जात्यावर बनुबाईचा हात थांबला. "बाई, बाकं वाजली म्हंजी काय, इचारा की."

शालूबाईनं विचारलं.

"म्हंजी खुश झाले समदे! टाळ्याच म्हनायच्या."

"माझा सयाजी ग्येला," बनुबाई हळू म्हणाली, "आन त्यास्नी बाकं वाजवावी वाटली?"

हे शालूबाईनं सोप्यावर नेलं नाही.

लालासाहेब समाचाराला आले होते, हे खरं. घोंगडीवर बसले, चहा घेतला, उठताना म्हणाले, "मातेचं काय म्हणणं आहे?" बनुबाई दाराआड होती. तिनं ओठ उघडले, तेवढ्यात दादासो बोलून गेले, "तिचं काय म्हननं असायचं, साहेब? अजून एक हाय, त्योबी सरकारचाच." घरच्या बाईच्या वतीनं कर्त्या पुरुषानं बोलायचं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लालासाहेबांनी दाराकडं हात जोडले. बनुबाईला उंबऱ्याशी काढलेले त्यांचे बूट तेवढे दिसले होते. डोळ्यांत डोळे घालायला तिथं डोळे होते कुठं? त्या माणसानं एका बंद फळकुटाला नमस्कार केला, आणि दिल्लीला जाऊन त्या फळकुटाला तोंड फोडलं. वर बाकं वाजवून घेतली!

चार दिवसांनी निरोप आला. उंब्रजच्या बाजारात भरतीची सभा आहे. वीरमातेचा सत्कार होईल, आणि दुसरा पुत्र तिच्याच हातून फौजेत दिला जाईल.

सभेच्या सकाळी ज्ञानू न्याहारीला बसला. भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"आये, तू बोललीस का तसं?"

"न्हाई रं बाबा."

"मला वाटलंच हुतं." त्यानं तुकडा परत ताटात ठेवला. "पर मला जायाच पायजे."

"का?"

"आता न्हाई ग्येलो तर लोक काय म्हनतील? सयाजीचा भाऊ, आन भ्याला. दादा भ्याला हुता का कवा? हसत ग्येला. समदं गाव सांगतंय."

बनुबाईच्या जिभेवर ती फाट्यावरची गोष्ट आली. तिनं ती गिळली. मेलेल्या लेकाची आन होती. आणि गावात सयाजीचं उरलं होतं काय? नाव तेवढं. त्याला आपल्याच हातानं कसा डाग लावायचा?

"खा," ती म्हणाली. "गार व्हाय लागली."

बाजारतळावर दोन बैलगाड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या होत्या. वर खुर्च्या, त्यांतल्या एकीवर बनुबाई. बाजूला भरतीची लॉरी, आणि तिच्या फळीला टेकून ज्ञानू. त्याच्या छातीचं माप झालं होतं. दादासो बिल्ले लावून पहिल्या रांगेत बसले होते.

लालासाहेब बोलायला उठले. आवाज गोड होता, हे कबूल करायला हवं. दिल्लीतलं भाषण त्यांनी जसंच्या तसं पुन्हा म्हटलं. डोळ्यांत डोळे घालण्यापाशी आले, तेव्हा त्यांनी खिशातून रुमालसुद्धा काढला. मग त्यांनी लुगडं-नारळ पुढं केला. "घ्या माताजी. आणि एका शब्दानं या मुलाला निरोप द्या."

बनुबाईनं लुगडं घेतलं नाही. पदर सावरून ती तशीच उभी राहिली.

"सायेब, म्या आज तुमचं त्वांड पयल्यांदा बगितलं. त्या दिशी निस्तं बूट बगितलं हुतं."

मागं कुणीतरी खुसकन हसलं.

"धाकटे!" दादासो ओरडले. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला थेट मारलेली ही पहिली हाक.

ती त्यांच्याकडं वळली. "भावजी, माझ्या वाटचं तुमी लय बोललासा. तुमी बोललासा, त्ये ह्यांनी दिल्लीला न्येलं, आन तितं त्ये माझं झालं. म्या बोललेच न्हाई. अजून एक हाय, पर त्यो माझा हाय. सरकारचा न्हाई."

लालासाहेबांनी लुगडं खुर्चीवर ठेवलं. "बाई, दुःखात माणूस काहीही बोलतं. पण हुतात्म्याचा अपमान करू नका. तुमचा सयाजी हसत हसत गेला. आणि त्याचा सख्खा भाऊ भित्रा निघाला, असं जगानं म्हणायचं?"

लॉरीशी ज्ञानूची मान खाली गेली. पुढच्याच क्षणी त्यानं एक पाय वर फळीवर ठेवला.

बनुबाईनं ते पाहिलं. फाट्यावर असाच एक पाय वर गेला होता.

"थांब, ज्ञानू!" ती म्हणाली. तिचा आवाज चिरला, पण बाजाराच्या पार टोकाला ऐकू गेला. "सयाजीची आन मोडते मी. हसत न्हाई ग्येला त्यो. फाट्यावर माझा हात घट्ट धरला, लहान हुता तवा धरायचा तसा, आन माझ्या कानात म्हनला, 'आये, मला लय भ्या वाटतंया.' एवढं बोलला, हात सोडला, आन मोटारीत चढला."

ती लालासाहेबांकडं वळली, आणि या खेपेला खरोखरच त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली,

"माझा ल्योक भ्याला हुता, सायेब. ह्ये सांगा तुमच्या दिल्लीत. आन मग वाजवा म्हनावं बाकं."