तिसरं कुलूप

माझ्या भावोजींचं कुलपांचं दुकान होतं आणि त्यांचा कुलपांवर काडीचाही विश्वास नव्हता. दुकानाच्या शटरला ते तीन कुलपं लावत. दोन खरी. तिसरं, सगळ्यात मोठं, पितळी, पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरेल असं, ते नुसतं अडकवत. किल्ली फिरवण्याच्या भानगडीत पडत नसत.

"ओढून कोण बघतंय?" ते म्हणत. "चोर लांबूनच मोजतो. एक, दोन, तीन. आणि पुढच्या दुकानाकडे जातो."

हे गुपित फक्त ताईला आणि मला ठाऊक होतं. बाकी बाजाराच्या दृष्टीनं ते दुकान म्हणजे किल्लाच होता.

मग एके दिवशी भरदुपारी काउंटरवर ठेवलेलं नमुन्याचं कुलूप चोरीला गेलं. कुलूपवाल्याचं कुलूपच गेलं म्हटल्यावर बाजाराला आठवडाभर दुसरा विषय उरला नाही. शेजारचा छत्रीवाला मुद्दाम येऊन "शेठ, कुलपाला एखादं कुलूप लावायचं होतंत" असं सांगून गेला. भावोजी हसले, पण त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरेवाल्याला बोलावलं.

मोबाइलवर नुसतं बोलता येई, त्या काळातली ही गोष्ट. कॅमेरेवाल्यानं एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याच्या पोटात एक कार्ड बसवलं, चार कॅमेऱ्यांच्या वायरी त्या कार्डात खोचल्या आणि रेकॉर्डिंगसाठी एक वेगळी डिस्क घातली. तीही जुनीच. नवी मागवतो, तोवर ही चालेल, असं तो म्हणाला. जगात जे जे तोवर चालणारं असतं तेच शेवटपर्यंत चालतं. मग एकेक प्रश्न विचारत तो सेटिंग करायला बसला.

"शेठ, समोर काही हललं तरच रेकॉर्डिंग, असं ठेवू? जागा वाचते."

"आणि चोर हललाच नाही तर?"

"न हलता चोरी कशी करेल तो?"

"ते त्याला विचार. तू सतत चालू ठेव. रात्रंदिवस."

"मग महिनाभरात डिस्क भरेल. भरली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहीत जाईल."

"जाऊ दे की. महिन्यापूर्वीचा चोर मला काय करायचाय? वाढदिवसाला बोलावू?"

शेवटी पासवर्ड आला. रेकॉर्डिंग बघायला तो लागणार नव्हता, पण थांबवायचं असेल, कॉपी करायचं असेल किंवा एखादी सेटिंग बदलायची असेल तर लागणार होता. कॅमेरेवाल्यानं सभ्यपणे पाठ फिरवली. "टाका तुमचा तुम्ही. मलासुद्धा सांगू नका."

"झालं," भावोजी म्हणाले.

"इतक्यात? टायपिंग शिकलात की काय शेठ?"

"कुलूपवाला आहे मी," भावोजी म्हणाले. यातून काय समजायचं ते ज्यानं त्यानं समजावं.

जाताना त्यानं एक पथ्य सांगितलं. पडद्यावर चित्र दिसतंय म्हणजे ते साठवलंही जातंय असं धरून चालायचं नाही. म्हणून रोज दुकान बंद करताना कॅमेऱ्याखाली उभं राहायचं, बोटं दाखवायची, आणि मग रेकॉर्डिंग मागे नेऊन ती बोटं उमटली आहेत का ते बघायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं एकही पथ्य भावोजींनी आयुष्यात पाळलं नाही, पण हे पाळलं. कोणती बोटं दाखवायची हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ते तारीख दाखवू लागले. पंचविसाला आधी दोन, मग पाच. शपथ घेतल्यासारखा गंभीर चेहरा करून वर बघायचे, मग पडद्यापाशी जाऊन स्वतःचाच तो चेहरा बघायचे आणि मान डोलवायचे. मी हसलो की म्हणत, "छोट्या, हसू नकोस. हजेरी आहे ही." मी पेन्शन घेऊ लागलो तरी त्या घरात माझं नाव छोट्याच राहिलं.

एका संध्याकाळी अशीच हजेरी लावून भावोजी घरी गेले, ताईकडे पाणी मागितलं, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत गेले. आयुष्यभर गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणाऱ्या माणसानं इतकी घाई केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

फोटो शोधायला बसलो तेव्हा कळलं की भावोजींचा डोळे उघडे असलेला फोटोच नाही. फ्लॅश पडायच्या आधी ते नेमाने डोळे मिटत. लग्नाच्या अल्बमात ताईनं झोपलेल्या माणसाशी लग्न केल्यासारखं दिसतं. भाचा एकेक फोटो उलटा करून ठेवत होता. ताई बघत बसली होती. मग म्हणाली, "दुकानात आहेत ना ते. डोळे उघडे असलेले."

पंधरवडा उलटल्यावर मी तिला दुकानात घेऊन गेलो. कॉम्प्युटर घरघरत होताच, तो कोणी बंद केला नव्हता. तारीख निवडून मागे कसं जायचं ते मी तिला दाखवलं, आणि समोर भावोजी आले. कानस घेऊन किल्ली घासत होते.

त्या दिवसापासून ताई रोज सकाळी दुकानात जाऊन बसू लागली. शटर अर्धंच वर करायची. कॅमेऱ्यांना आवाज नव्हता, तेव्हा बोलण्याचं काम तिनं आपल्याकडे घेतलं.

"बघ, बघ, आता म्हणतील, 'उधारी बंद आहे.' आणि देतील. दिली का नाही?"

एके दिवशी तिला डुप्लिकेट किल्ल्यांच्या डब्यात लपवलेला बिस्किटांचा पुडा सापडला. म्हणजे पडद्यावर सापडला. साखरेचा आजार असलेला माणूस दाराकडे पाठ करून, पण कॅमेऱ्याकडे तोंड करून, एकामागून एक बिस्किटं खात होता.

"पाच!" ताई पडद्यावर ओरडली. "वर मला सांगायचे, भूक नाही. घरी या, मग सांगते."

मग ती पदरानं पडदा पुसू लागली. मीही उठून किल्ल्यांवरची धूळ झटकू लागलो.

त्या दिवसांत तिनं कॅमेरेवाल्याला एकच फोन केला. "मशीन रात्री बंद करत जाऊ का रे? बिघडायचं नाहीतर."

"अजिबात नको काकू," तो म्हणाला. "डिस्क जुनी आहे. एकदा थांबली तर परत फिरेलच असं नाही. चालू आहे तोवर चालू द्या."

ताई कशासाठी विचारते आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, बाईंना दुकानाची काळजी आहे. सल्ला अगदी बरोबर होता.

काही दिवसांनी ताई म्हणाली, "छोट्या, बिस्किटांचा दिवस सापडत नाहीये."

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तारीख चुकीची टाकत असशील." शोधलं तर त्याच्या आधीचेही दिवस नव्हते. मग नंतरचा एक गेला. ताईला वाटलं, मशीन बिघडलं. मलाही तेच वाटलं. महिनाभरात पुसलं जाण्याची गोष्ट माझ्या समोर झाली होती, मी त्यावर हसलोही होतो, पण चोराच्या वाढदिवसापलीकडे त्यातलं माझ्या डोक्यात काही राहिलं नव्हतं.

कॅमेरेवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "उद्या येतो." कारागिराचा उद्या म्हणजे काय हे ज्यानं घरी नळ दुरुस्त करून घेतलाय त्याला सांगायला नको. एकामागून एक उद्या गेले, आणि प्रत्येक उद्यागणिक भावोजींचा एक दिवस गेला.

अखेर एका दुपारी तो उगवला. मशीन बंद न करताच त्यानं डब्याचं झाकण काढलं, आतली धूळ ब्रशनं झाडली, पंख्याच्या पात्यात अडकलेला दोरा काढला. मग ओणवा होऊन डिस्कपाशी कान नेला. आम्हालाही ऐकू आलं. टिक्. टिक्. टिक्.

"जातेय ही," तो म्हणाला. "पण चित्रं तर नीट आहेत. तक्रार काय होती काकू?"

"रोज यांचा एक दिवस कमी होतो."

"यांचा म्हणजे?"

ताईनं पडद्याकडे बोट केलं. शिल्लक असलेला सगळ्यात जुना दिवस लावलेला होता. भावोजी छत्रीवाल्याशी भांडत होते. कॅमेरेवाल्यानं तारीख बघितली, घड्याळ बघितलं, आणि स्टुलावर बसला.

"काकू, तुम्ही यासाठी बघत होता होय?"

मग त्यानं सांगितलं. मशीन बिघडलेलं नव्हतं. सांगितलेलं काम ते चोख करत होतं. डिस्क केव्हाच भरली होती. चालू क्षण साठवायला ते सगळ्यात जुना क्षण पुसत होतं. आधी रिकामं, बंद दुकान साठवलं. आणि ताई येऊ लागल्यापासून ताईला. खुर्चीत बसून भावोजींना बघणारी ताई त्यांच्याच जागेवर लिहिली जात होती.

"आता किती उरलेत?" ताईनं विचारलं.

"हा शेवटचा दिवस. सकाळ गेली. दुपार जातेय." त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं. "संध्याकाळपर्यंत हेही जाईल."

"थांबव की मग!"

"पासवर्ड."

मग आम्ही पासवर्ड शोधायला बसलो. दुकानाचं नाव टाकलं. भाच्याला फोन करून त्याची जन्मतारीख घेतली, ती टाकली. तीनदा चुकलं की मशीन रुसायचं आणि थोडा वेळ कोणाशी बोलायचं नाही. आम्ही त्या रुसव्याकडे बघत बसायचो. डिस्क टिक् टिक् करत पुसत राहायची.

"माझं नाव टाकून बघ," ताई जरा लाजत म्हणाली.

चूक.

"माहेरचं टाक. ते कधीकधी मला माहेरच्या नावानं हाक मारायचे."

तेही चूक. ताईनं पदर सारखा केला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "कुलपाला बायकोचं नाव कोण देईल."

"शेठ पण ना!" कॅमेरेवाला कपाळाला हात लावून म्हणाला. "साऱ्या बाजाराच्या किल्ल्या यांच्या डोक्यात, आणि यांची किल्ली कोणाकडेच नाही!"

आता दोनच वाटा होत्या, आणि दोन्हींच्या टोकाला खड्डा होता. मशीन चालू ठेवलं तर उरलेले भावोजी पुसले जाणार. बटण दाबून बंद केलं तर पुसणं थांबणार, पण ती डिस्क परत फिरेल याची खात्री नाही. भाचा फोनवर म्हणाला, बंद करा. कॅमेरेवाला ताईकडे बघत राहिला. "सांगा काकू. मी माझ्या मनानं नाही करणार."

"संध्याकाळचे आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग आधी ते लाव."

भावोजी कॅमेऱ्याखाली येऊन उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. एक बोट दाखवलं, मग चार. डोळे टक्क उघडे. मग पडद्यापाशी आले, स्वतःला बघितलं, मान डोलवली, आणि दिवा घालवला.

"परत," ताई म्हणाली.

परत लावलं. ती किती वेळा 'परत' म्हणाली ते मी मोजलं नाही. बाहेर उन्हं उतरत होती. चौथ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत आम्ही तिघं एका पडद्याकडे तोंड करून बसलेले दिसत होतो, आणि आम्ही साठवले जात होतो.

"आता बंद कर."

त्यानं बटण दाबून धरलं. डिस्कचा आवाज खाली खाली जात थांबला.

ती पुन्हा फिरली नाही. कॅमेरेवाल्यानं आपल्या दुकानात नेऊन जंग जंग पछाडलं, मग शहरातल्या एका मोठ्या जाणकाराकडे पाठवली. तिथूनही ती आली तशीच परत आली. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं ती ताईच्या हातात दिली आणि बराच वेळ चपलेकडे बघत उभा राहिला. ताईनं ती किल्ल्यांच्या त्या बिस्किटं लपवायच्या डब्यात ठेवली.

पुढं दुकान ताईनंच चालवायचं ठरवलं. कॅमेरेवाल्यानं एक नवी कोरी डिस्क आणली. ती त्यानं तोवरची म्हणून आणली नव्हती. डिस्क बसली, चित्रं आली, आणि सेटिंगला हात लावताच जुनाच प्रश्न पडद्यावर आला. पासवर्ड.

"सगळं काढून नव्यानं टाकावं लागणार," तो म्हणाला. "हा कॉम्प्युटरच्या डोक्यात आहे, डिस्कमध्ये नाही."

ताई दारात बसून तिसऱ्या कुलपाला तेल देत होती. तिचा हात थांबला. बराच वेळ ती त्या कुलपाकडे बघत राहिली. मग मीही त्या कुलपाकडे बघितलं.

"काही टाकू नकोस," ती म्हणाली. "नुसतं दाब."

"म्हणजे, काकू?"

"रिकामंच ठेव आणि दाब."

त्यानं एंटर दाबलं. टक्.

उघडलं. थांबवा, कॉपी करा, सगळी बटणं एका ओळीत उजळली.

ताईनं तेलाची बाटली खाली ठेवली. मग कॅमेरेवाला हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी पाठ फिरवली होती ना... तेव्हा एकदाच टक् झालं होतं. मी ऐकलं होतं काकू."

"मलाही ठाऊक होतं," ताई म्हणाली. "मी त्यांच्याबरोबर संसार केलाय."

संध्याकाळी तिनं दुकान बंद केलं. कॅमेऱ्याखाली गेली नाही. शटर ओढलं, पहिलं कुलूप लावलं, दुसरं लावलं. तिसरं अडकवलं आणि पिशवीत किल्ली शोधू लागली. त्याची किल्ली कधी लागलीच नव्हती, त्यामुळे ती सापडायला वेळ लागला. सापडल्यावर तिनं ती फिरवली. कुलूप कुरकुरलं, पण लागलं.

मग ताईनं ते ओढून बघितलं. एकदा, आणि परत एकदा.