नका

आमच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा पाट्या जास्त. मोठ्याने बोलू नका. पानं दुमडू नका. पुस्तकांवर रेघा मारू नका. प्रौढांच्या वर्गाला पहिला शब्द कोणता शिकवायचा याचा मला फार विचार करावा लागला नाही, तो भिंतीवर टांगलेलाच होता. न आणि का. लॉन्ड्रीतल्या मावशींनी तो पहिल्याच दिवशी उचलला आणि सगळं दालन फिरून मोजून आल्या.

"चौदा नका आहेत," त्या म्हणाल्या. "अरे मास्तर, इथे येऊन करायचं काय, तेही लिही की एखाद्या पाटीवर!"

मावशी मला अरे-तुरे करायच्या. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, पण आई गेल्यापासून मला 'अरे' म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला, बालविभागातल्या बुटक्या खुर्च्यांवर. तिघंच जण. एक पहारेकरी सही शिकायला आला आणि सही जमताच दिसेनासा झाला. गरज सरो, वैद्य मरो. दुसरा सुतार. तो लिहिता लिहिता पेन्सिल कानावर ठेवायचा आणि मग टेबलाखाली शोधत बसायचा. मावशींचं मात्र एकच काम होतं. त्यांना लेकीचं पत्र स्वतः वाचायचं होतं. आणि ते त्यांना वाचता येऊ नये म्हणून त्यांचा मास्तर, म्हणजे मी, पाच महिने झटत होतो.

ते पत्र चार वर्षांपूर्वी मीच वाचून दाखवलं होतं. मावशींची एकुलती एक मुलगी. तिने निवडलेला मुलगा बापाला पसंत पडला नाही, त्याने तिला मारून घराबाहेर काढलं. दीड महिन्याने पत्र आलं. "घरचं धुणं लॉन्ड्रीत नको धुवायला, तूच वाच," म्हणत मावशींनी ते माझ्यापुढे ठेवलं. मी आधी मनात वाचलं. 'माझ्यावर हात उगारला जात होता आणि तुम्ही दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालत होतात. तुम्हाला आई म्हणायची लाज वाटते मला.' पानभर असंच. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मोठ्याने वाचलं, "आई, मी सुखात आहे. तू काळजी करू नकोस. सवड झाली की येईन." आणि चेहरा दिसू नये म्हणून कागद झटकन घडी करून त्यांच्या हातात दिला.

त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. मोठं पुण्य केलं असं वाटलं. पुढे बाप वारला, लेक आली नाही, दुसरं पत्रही आलं नाही. "सवड मिळत नसेल रे," मावशी म्हणायच्या, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायचो.

मग वर्ग सुरू झाला आणि त्यांनी पहिलं नाव घातलं. नाही कसं म्हणणार? मी बाराखडी घोळत राहिलो. जोडाक्षरांना हात लावला नाही. तेवढी अडली तर पत्र अडेल, असा माझा भाबडा हिशेब. सुताराने विचारलंसुद्धा, "मास्तर, जोडकाम कधी?" म्हटलं, "आधी लाकूड नीट तासून घ्या." तो हसला. मावशी हसल्या नाहीत.

परवाच्या शुक्रवारी सुतार आला नव्हता. मावशींनी पिशवीतून पत्र काढून टेबलावर सरळ केलं.

"यात नका आहे, मास्तर."

"असेल की. काळजी करू नका."

"माझी पोर मला जन्मात अहो-जाहो करत नव्हती. तूही 'नकोस' असंच वाचलं होतंस. मग हे 'नका' कुणाला?"

"तुम्हा दोघांना मिळून असेल," मी म्हणालो.

"बापाला? त्याला ती पत्रात घेईल?"

मी सगळं सांगून टाकलं. तिचा राग, तुम्ही-तुम्ही, माझं खोटं.

"माहीत आहे. 'लाज' मी महिन्यापूर्वीच वाचलं. तू कधी बोलतोस ते बघत होते." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "माझ्या जिवासाठीच केलंस ना रे. आणि तिचं काय चुकलं? गप्प तर मीच बसले होते. जाऊ दे. आता मागचं वाचू. तिथे एक अक्षर अडतंय मला."

"मागचं?"

त्यांनी कागद उलटला. मागे तीन ओळी होत्या. बावीस वर्षं पुस्तकांत काढली मी, आणि तो कागद उलटून बघितला नव्हता.

मावशींनी बोट ठेवलं. "त-री ए-क-दा भे-टा-य-चं आ-हे. वी-स ता-र-खे-प..." बोट थांबलं. "हे डोक्यावर काय बसलंय?"

रफार. मी शिकवला नव्हता.

"पर्यंत," मी म्हणालो. "वीस तारखेपर्यंत."

पुढे त्यांना माझी गरज पडली नाही. एकही जोडाक्षर नव्हतं. "रोज चारला, चादरी जिथे उतरतात तिथे उभी राहीन. नाही आलात तर मी समजेन. मग मला शोधू नका."

चादरी उतरतात दवाखान्याच्या मागच्या दाराशी. वाचनालयातून चालत दहा मिनिटं.

"पाकिटावर तारीख कुठली आहे?" मावशींनी विचारलं.

पोचल्याचा शिक्का पुसट होता, पण वाचता येत होता. "नऊ."

"आलं त्याच दिवशी आणलं होतं मी तुझ्याकडे." त्यांनी बोटांवर मोजलं. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, मग पुन्हा पहिल्यावर आल्या. "अकरा दिवस."

मी काहीतरी बोलू लागलो. आपण शोधू, दवाखान्यात विचारू, असलं काहीतरी. माझं मलाच ऐकवेना. मावशींनी पत्राची घडी घातली, चादरीची घालतात तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. त्या बुटक्या खुर्चीवरून त्यांना उठता येईना, गुडघे धरले होते. हात द्यायला मी धडपडत उठू लागलो.

"उठू नका," मावशी म्हणाल्या. "बसा तुम्ही. मी जाईन."