विस्तवाचा भाऊ

शीतल महाराजांनी बाभळीचा काटा कादरच्या उजव्या हातात रुतवला आणि पत्र्याच्या शेडमधल्या साऱ्या माना पुढे झाल्या. काट्याकडे पाहावे की कादरच्या चेहऱ्याकडे, हे कोणालाच ठरवता येत नव्हते. पंजाच्या मागची बाजू राखेने माखली होती. राखेच्या भेगांतून पांढुरकी, मेणचट कातडी दिसत होती, आणि कादर स्वतःच्याच हाताकडे परक्याच्या सामानाकडे पाहावे तसा पाहत होता.

"दुखतंय का रं?" महाराजांनी विचारले.

"न्हाई, महाराज."

मग मागे कोणीतरी हात जोडले, आणि त्याचे पाहून साऱ्या शेडने जोडले.

गुरुवार होता, कंपन्यांची सुट्टी. चिंचवडच्या रेल्वे फाटकापलीकडे, ओतशाळेच्या कुंपणाला खेटून असलेल्या या शेडमध्ये दर गुरुवारी भाजलेली माणसे येत. स्टोव्हच्या भडक्यात सापडलेल्या बायका येत, चहाने पोळलेली पोरे येत, पण बहुतेक ओतशाळेतलेच कामगार असत. शीतल महाराज, म्हणजे पूर्वीचे रंगराव, स्वतःही तिथे वितळलेले लोखंड साच्यात ओतत असत. एके दिवशी भट्टीतल्या विस्तवाने आपल्याला भाऊ म्हणून हाक मारली, असे ते सांगत. कोणत्या भाषेत, हे कोणी विचारले नव्हते.

त्यांचा नियम एकच होता. भाजल्यावर पाणी लावायचे नाही, राख लावायची.

"ओल्या साच्यात रस वतला तर काय हुतं?" ते विचारत.

"उडतो, महाराज," कामगार म्हणत. सगळ्यांनी ते पाहिले होते. साच्यात जरा ओल राहिली, तरी वितळलेले लोखंड उसळून छपराला भिडे.

"मग भाजलेल्या अंगाचं तेच. पानी दावलं की आग हाडात शिरती."

भट्टीपाशी जीव वाचवणारे शहाणपण असे घरच्या मोरीपाशी येऊन जीवघेणे होत होते. सोमवारी कादरच्या हातावर रस उडाला, तेव्हा नळ चार पावलांवर होता. तो तिकडे धावलाही. पण सोबत्यांनीच त्याला कवेत आवळून धरले, मायेने, आणि तो सुटण्यासाठी धडपडत राहिला.

मग फोरमन साहेबराव आला. खालच्या आवाजात म्हणाला, "इस्पितळात गेलास तर वर जाब द्यावा लागंल, भावा. हातमोजे फाटके होते हे निघंल. माझं काय व्हायचं ते होईल, पण तू अजून कायम न्हाईस. महाराजांकडं चल." कादर गेला. एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला हात, अशा दोन भिंतींमधली त्याची जागा दिवसेंदिवस अरुंद होत चालली होती.

आज दारातली गर्दी बाजूला सारत त्याची बायको झुलेखा आत आली. तिच्यामागे नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मृदुलाबाई होत्या. सकाळी नवऱ्याला न सांगता झुलेखाने त्यांना गाठले होते.

मृदुलाबाईंनी काटा काढला. जखमेच्या कडेला, लालभडक कातडीला, बोटाचे टोक हलकेच लावले. कादर कळवळला.

"बघा मंडळी," महाराज हसले, "आमी काटा टोचला तर न्हाई दुखलं. बाईंनी बोट लावलं तर जीव गेला. आता देव कुणाकडं हाय, तुमीच सांगा."

शेड हसली.

"जे दुखलं ते कातडं जिवंत आहे, रंगराव," बाई म्हणाल्या. "तुम्ही काटा टोचता तिथे दुखणं सांगायला कोणी उरलेलंच नाही. कळ तुम्ही उतरवली नाही. ती सांगणाऱ्या नसाच जळून गेल्या आहेत."

हसणे थांबले. कादरने विचारले, "म्हंजी ह्ये बरं होत न्हाई?"

"नाही. आत पू धरतोय. आज इस्पितळात गेलात, तर हात वाचेलही."

"वाचेलही?"

"खोटं सांगू का, कादरभाई?"

महाराजांनी ओळखले, शेड हातची चालली आहे. शेगडीवर लोखंडी कढईत शिसे वितळत होते. त्यांनी घंगाळातल्या तीर्थात हात बुडवला, डोळे मिटले आणि दोन बोटे शिशात घालून क्षणात बाहेर काढली. बोटे कोरी होती. "भाऊ भावाला भाजत न्हाई," ते शांतपणे म्हणाले.

मृदुलाबाई झुलेखाकडे वळल्या. "भाभी, तवा फार तापला आणि पाणी शिंपडलं, तर थेंबाचं काय होतं?"

"नाचतो," झुलेखा म्हणाली. "लगेच आटत नाही. तव्यावर पळत सुटतो."

"त्याच्याखाली वाफेचा थर असतो, म्हणून. तीर्थाने भिजलेल्या बोटांवर तोच थर क्षणभर तयार होतो. क्षणभरच. कोणी करून बघू नका, वेळ चुकली तर बोट उरायचं नाही." त्यांनी पिशवीतून पंचा काढला. "रंगराव, हात कोरडा करून बोटं घालाल? घाला असं मी म्हणत नाही. घालाल का, एवढंच विचारते."

महाराजांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "बाईमाणसाच्या सांगण्यावरून विद्या दाखवायची नसते," ते पुटपुटले. पण ते ऐकायला आता कोणी पुढे सरकले नाही.

"स्वतःचा हात पाण्याने वाचवता आणि यांना राख देता," बाई म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. "रसाला पाणी चालत नाही, ते खरं. पण तुम्ही रस नाही, माणसं आहात. भाजलं की आधी अंगठी, बांगडी काढा आणि नळाच्या गार पाण्याखाली धरा. भात शिजायला लागतो तितका वेळ. बर्फ नको. राख, तूप, शाई काही नको. फोड फोडू नका. स्वच्छ फडक्याने झाका आणि दवाखान्यात या. दुखलं नाही, तर आणखी घाईने या. आणि कोणी काही सांगितलं, तर विचारा, असं का? मलाही विचारा."

झुलेखाने कादरच्या चपला त्याच्यापुढे सरकवल्या. "काम गेलं तर गेलं. हात असला तर दुसरं बघू."

कादर उठला. दारात साहेबराव उभा होता, आयुष्य भट्टीपाशी काढलेला. कादर त्याच्यासमोर थांबला.

"साहेबराव, ओल्या बोटाची ही युक्ती तुमाला ठाव हुती?"

साहेबरावाने शेगडीकडे पाहिले, मग कादरच्या हाताकडे. डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.