अकराव्या पेरानंतर

मी बांबू बोलतोय. चांगला वीस फूट लांब होतो. आता माझे दोन तुकडे झालेत. त्यातला मोठा तुमच्याशी बोलतोय; धाकट्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमच्या बेटात आम्ही दाटीवाटीने वाढलो. बांबू तीन-चार वर्षांत जून झाला की मगच तोडायचा, आणि तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, अशी जुन्या तोडणाऱ्यांची रीत. त्याने अंगातली गोडी धुऊन जाते. आमची गोडीच आमच्या जिवावर उठते; बुरशीला तेवढीच हवी असते. मला तोडलं तेव्हा माझं दुसरं वर्षही भरलं नव्हतं. आणि वाहतं पाणी मी पाहिलं ते ट्रकमधून, पूल ओलांडताना.

वखारवाल्याने मला जमिनीवर आपटून दाखवलं. "आवाज ऐका! लोखंड आहे लोखंड. तुमचा नातू म्हातारा होईल, पण हा हलायचा नाही."

गिऱ्हाईक मालट्रक चालवणारा होता. कायम घाईत. त्याने मान डोलावली आणि मला घरी नेलं.

घरात त्याचे वडील होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. काचबिंदूने आधी डावा डोळा नेला, मग उजवा. सुनेचा हात धरून न्हाणीघरात जावं लागायचं, याची त्यांना इतकी लाज वाटायची की दुपारभर ते पाण्याला तोंड लावायचे नाहीत.

मुलाने मला त्यांच्या खोलीच्या दारापासून पडवीतून थेट न्हाणीघरापर्यंत कमरेइतक्या उंचीवर भिंतीला बसवलं. जागोजागी पट्ट्या ठोकल्या आणि माझं शेवटचं टोक न्हाणीघराच्या कोपऱ्यात सिमेंटमध्ये रोवलं.

पहिल्या दिवशी मिस्त्री मला धरून एकटे गेले आणि एकटे परत आले. सून शिवणकाम करायची. मशीन थांबवून ती बघत होती.

"चौदा पेरं आहेत बघ," ते म्हणाले. "अकरावं संपलं की उंबरा."

"म्हणजे आता मला सुट्टी?"

"सुट्टी कसली? मशीन चालव तू!"

दोघं हसली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

पण न्हाणीघरात रोज पाणी उडायचं, आणि सिमेंट ते धरून ठेवायचं. आधी माझ्यावर काळपट ठिपके आले. मग आत पांढरे धागे शिरले, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. ते सावकाश खात होते. दुखत नव्हतं, हेच वाईट. दुखलं असतं तर निदान करकरलो असतो.

एका सकाळी मिस्त्रींचं नख तेराव्या पेरात रुतलं. ते थांबले. बोटाच्या पेराने मला ठोकत गेले. अकराव्यावर टणटण, बाराव्यावर ठकठक, तेराव्यावर नुसतं थप. नख नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

मुलगा घरी आल्यावर ते म्हणाले, "अरे, हा आतून गेलाय."

"पुढच्या खेपेला बदलतो, बाबा. उद्या पहाटेच निघायचंय. तोवर एकट्याने जायचं नाही. तिला हाक मारायची."

चार दिवस मिस्त्रींनी हाका मारल्या. सून प्रत्येक वेळी शिवण अर्धवट टाकून आली, एकदाही कुरकुरली नाही. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "मी नीट तपासलं गं. नुसती वरची साल खराब झालीये. आत दगड आहे, दगड."

सुतारानेच सांगितल्यावर कोण शंका घेणार? तिला आनंद झाला. तिने हिरवा ऑइल पेंट आणला आणि मला दोन हात दिले. "कसा छान दिसतोय!" म्हणाली. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. त्या रंगाने ओल आत कोंडली गेली, आणि बुरशीला आयतं घर मिळालं.

मिस्त्री अकराव्या पेरापर्यंत माझ्यावर भार द्यायचे. पुढे हात नुसता टेकवायचे आणि दुसऱ्या हाताने भिंत चाचपायचे. माझं खरं रूप त्या घरात त्यांना एकट्याला माहीत होतं. मी रोज वाट बघायचो, आज सांगतील, उद्या सांगतील. मुलाची पुढची खेप आली आणि गेली. त्यालाही त्यांनी सालीचंच सांगितलं.

मग तो धुण्याचा दिवस. फरशीवर साबण होता. सून भरलेली बादली घेऊन वळली, पाय सटकला, आणि तिने पडता पडता उजव्या हाताने मला धरलं. बरोबर तेराव्या पेराशी.

मी तिला सावरायची धडपड केली, असं सांगायला मला आवडलं असतं. पण सावरायला माझ्यात होतंच काय? आवाजही फार झाला नाही. भिजलेला पुठ्ठा मोडावा तसा मोडलो, आणि ती मनगटावर पडली.

मिस्त्री पडवीतून आले, कशालाही न धरता. खाली बसून त्यांनी चाचपडत तिचा खांदा शोधला.

"बाबा, बांबू मोडला हो. आत्ताच तर रंग दिला होता."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आतून कुजलाय ते. मी खोटं बोललो, पोरी. तुझा हात धरून जायची लाज वाटायची मला."

तिने दुखरं मनगट पोटाशी धरलं. नळ तसाच वाहत होता. मग म्हणाली, "आता धरा. डावा धरा, आणि मला उठवा."

मनगट जुळलं, पण किंचित वाकडं. जाड कापड सुईखाली फिरवताना अजून कळ येते. माझ्या जागी स्टीलचा पाइप आला.

मी घरामागे भिंतीला टेकून आहे. रंगाला भेगा पडल्यात आणि त्यांतून पांढऱ्या छत्र्या बाहेर आल्यात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याकडे बांबूची एखादी शिडी असेल, कठडा असेल, तर आमच्या अंगावर अधूनमधून ठोकून बघा. आवाज बदलला की आम्ही बोलतोय असं समजा. आम्हाला दुसरं बोलणं येत नाही.

परवा सून मिस्त्रींना उन्हात घेऊन आली. त्यांनी माझी चौकशी केली, तेव्हा तिने त्यांचा हात माझ्यावर ठेवला. त्यांचं बोट सहज आत गेलं, दुसऱ्या सांध्यापर्यंत.

"याचा काय दोष?" ते म्हणाले. "याला तोंड नव्हतं. मला होतं."

"चला बाबा, ऊन लागतंय," ती म्हणाली.

ती दोघं आत गेली. बाहेर मी आणि बुरशी राहिलो. तिचं काम अजून बरंच बाकी आहे.