पुठ्ठ्याकडे बघू नकोस

रविवारी भावाकडे जेवायला जायचं हालिनाच्या आदल्या रात्रीपासूनच जिवावर यायचं. जेवणाबद्दल तक्रार नव्हती. दानुता वहिनी कोंबडीचं सूप असं करायची की चर्चमधल्या प्रवचनात मध्येच त्याचा वास आठवावा. त्रास होता तो सुपाबरोबर वाढल्या जाणाऱ्या निकालाचा. शनिवारी रात्री साडेअकराला 'नाइट फेरी' हा विनोदी प्रवेशांचा कार्यक्रम टीव्हीवर अख्ख्या देशात थेट दिसायचा आणि रविवारी दुपारी एक वाजता मॅस्पेथमधल्या त्या स्वयंपाकघरात त्याचा पंचनामा व्हायचा.

"संपलं ते आता," वितेकनं चमचा खाली ठेवून सुरुवात केली. हालिनाचा हा थोरला भाऊ आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला. कुठलीही गोष्ट वर चाललीय की खाली, हे आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं अशी त्याची पक्की समजूत. "नव्वद मिनिटं बसलो. किती वेळा हसलो सांग, दानुता."

"एकदा. तेही जाहिरातीला."

"पहिली चार वर्षं काय होती! माणसं होती ती. पडायची तर खरी पडायची."

"चल, तुझं आपलं काहीतरी," दानुता म्हणाली. "खरी मजा नंतर आली. ते बायकांचं त्रिकूट होतं तेव्हा."

"बाबा, आई, तुम्ही दोघंही चूक," असं म्हणून कुबानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, आपल्या शाळेच्या दिवसांतली नावं काढली. प्रत्येकाचा सुवर्णकाळ तो सोळा वर्षांचा असताना येऊन गेला होता. हालिना नूडल्स चिवडत राहिली. सेहेचाळीस वर्षं चालू असलेला कार्यक्रम सेहेचाळीस वर्षं घसरतोच आहे, तर सुरुवातीला तो होता तरी किती उंचावर?

"आणि तो नवा पोरगा!" वितेकला जोर चढला. "तो लांबुडक्या मानेचा. काय त्याचं नाव?"

"मार्लो. मार्लो टिबेट्स," कुबा म्हणाला. "नेटवर त्याला 'वाचनालय' म्हणतात. आत्या, हे ऐक. 'त्या मार्लोला कुणीतरी सांगा, प्रेम समोरच्या बाईवर करायचं असतं, तिच्या कानामागच्या भिंतीवर नाही.' चार हजार लोकांना आवडलंय. नाताळनंतर काढणार म्हणे त्याला."

हालिना उठली आणि कुणी न सांगता ताटल्या विसळायला लागली. कानामागे भिंत नव्हती. कानामागे हालिना होती.

तेहतीस वर्षं ती हेच काम करत होती. पलंगपोसाएवढ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर नटांचे संवाद हातानं लिहायचे, ज्याचा त्याचा रंग वेगळा, आणि कॅमेऱ्याला खेटून ते धरून उभं राहायचं. संवाद शेवटच्या मिनिटापर्यंत बदलत असायचे. ओळ बदलली की तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवायची, वर नवी ओळ लिहायची. नटांनी पाठ करायचं नाही, पुठ्ठ्यावर जे असेल ते म्हणायचं, हीच तिथली रीत. हालिनाला काम शिकवणाऱ्या सॉलनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आपण म्हणजे हात. तोंड वरच्या मजल्यावरच्या साहेबांना. आणि हसायचं नाही. हसलीस की पुठ्ठा हलतो, पुठ्ठा हलला की नट मेला." ती कधी हसली नव्हती. भाऊही हसलो नाही म्हणायचा, पण त्याचं कारण वेगळं.

सप्टेंबरात घेतलेल्या तीन नवख्यांचा करार नाताळपर्यंतचा होता. पुढे कोण राहणार ते येत्या शनिवारी, वर्षातल्या शेवटच्या भागानंतर ठरायचं. दोघांचं जवळपास नक्की होतं. टांगणीला लागला होता तो मार्लोचा जीव.

गुरुवारी तो पुठ्ठ्यांच्या खोलीत आला. शाईच्या उग्र वासानं नवख्याचं डोकं भणभणतं, पण हा दारात पाय बदलत उभाच.

"हालिना, खरं सांगाल? मी वाचताना दिसतो का हो?"

हे ऐकून तिनं 'मला काय विचारतोस' म्हणायला हवं होतं. तेहतीस वर्षं ती तेच म्हणत आली होती. पण चार दिवस ते कानामागच्या भिंतीचं वाक्य तिच्या डोक्यात माशीसारखं घोंघावत होतं. आपण मन लावून काढलेली अक्षरं आणि लोक त्यांना भिंत म्हणतात!

"दिसतोस," ती म्हणाली.

मार्लो खालीच बसला. "आई पण तेच म्हणाली. ती ओहायोत शेजारपाजारच्यांना बोलावून बघते. आता बोलावत नाही."

"तो दंतवैद्याचा प्रवेश तुझा आहे ना? पाठ कर."

"पाठ? इथं कुणी पाठ करत नाही."

"म्हणूनच तू कर. जोसेलिनच्या डोळ्यांत बघ आणि बोल. माझ्या पुठ्ठ्याकडे बघूसुद्धा नकोस."

आणि मग तिनं, शाळेतल्या बाई घेतात तसं, त्याचं पाठांतर घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रवेश साधाच होता. मार्लो दंतवैद्य, जोसेलिन ही मुरलेली नटी त्याची रोगी, तिच्या तोंडात कापसाचे बोळे. तो दात उपटायला वाकला की टेबलावरचा फोन वाजतो आणि पलीकडून त्याची आई त्याला लग्नावरून झापते. तिसऱ्या वेळी त्याची एकही ओळ चुकली नाही. हालिनाला वाटलं, आपल्या हातून आज काहीतरी चांगलं झालं.

शनिवारी आठला तालीम. तीही प्रेक्षकांसमोरच असते, पण वेगळ्या, आणि ती दाखवत नाहीत. मार्लोनं जोसेलिनच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही. लोक खळखळून हसले. हालिना पुठ्ठा धरून उभी होती, पण तो कुणी वाचत नव्हता. रिकामी खुर्ची धरून उभं राहावं तसं वाटलं तिला, तरी मनातून आनंद झाला.

त्यानंतर वरच्या मजल्यावर बैठक बसली. प्रवेश राहिला, पण दीड मिनिटानं लांबला होता म्हणून आईचा फोन अख्खा छाटला. त्याऐवजी जोसेलिननं बोळे काढून एक वाक्य म्हणायचं, मार्लोनं त्याला उत्तर द्यायचं, संपलं. हा निरोप मार्लोला अकराला जिन्यात मिळाला. त्यानं मान डोलावली. त्या धावपळीत माणूस काहीही ऐकून मान डोलावतो. हालिना तेव्हा गुडघ्यांवर बसून पट्ट्यांवर नव्या ओळी ओढत होती. त्याला गाठून सांगायचं होतं, आता माझ्याकडे बघ, गुरुवारचं सगळं विसर. ती उठलीही. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, पाहुण्याच्या भाषणात चार शब्द बदललेत, आणि ती पुन्हा खाली बसली.

बारा वाजून दहा मिनिटांनी दंतवैद्य उभा राहिला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

पहिलं मिनिट सुरेख गेलं. मग मार्लो वाकला, थांबला आणि त्याचा डावा हात सवयीनं फोनकडे गेला. फोन नव्हता. टेबलही नव्हतं. प्रवेशातून फोन गेला तसं ते सामानवाल्यांनी उचलून नेलं होतं. हात हवेत लोंबकळत राहिला.

नवी ओळ त्याच्यापासून आठ फुटांवर, हिरव्या ठळक अक्षरांत होती. हालिनानं पुठ्ठा वीतभर वर उचलला. ती चवड्यांवर उभी राहिली. बघ रे, बाळा, बघ. पण मार्लो शपथ घातल्यासारखा जोसेलिनच्या डोळ्यांत बघत होता. त्याच्या कपाळावर घाम फुटलेला हालिनाला दिसला. तिच्या कानातल्या यंत्रावर दिग्दर्शक शिव्या घालत होता.

मार्लोनं हळूच मूठ वळली आणि कानाला लावली.

"आई," तो मुठीत म्हणाला, "मी कामात आहे."

पलीकडून आई काय म्हणतेय ते तो ऐकत राहिला. पलीकडे कुणी नव्हतं, शांतता होती, आणि त्या शांततेला तो इतक्या काकुळतीनं "हो... हो आई... नाही, ही बाई लग्न झालेली आहे... विचारतो" म्हणाला की जोसेलिनच्या तोंडातले दोन बोळे उडून कॅमेऱ्याच्या पायाशी पडले. मार्लोनं पाठ केलेलं सगळं म्हटलं. सगळं. फोन ठेवायचं तेवढं सोडून.

आणि हालिनाच्या हातातला पुठ्ठा हलला. तिनं खालचा ओठ चावला, तरीही.

त्या दीड मिनिटापायी शेवटचा प्रवेश गेला. तो रस्टी या दुसऱ्या नटाचा होता. तीन आठवडे दर वेळी शेवटच्या क्षणी त्याचा प्रवेश कापला जायचा, आज चौथा. रस्टी रंगवलेल्या तोंडानं विंगेत उभा राहिला आणि तसाच निघून गेला. सगळे निरोपाला मंचावर आले, हात हलवले, दिवे विझले. बोळकांडीत कुणी मार्लोशी बोललं नाही. तो हालिनाजवळून जाताना म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात, बघू नकोस," आणि त्यात राग नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं.

ती वर गेली. तेहतीस वर्षांत त्या दारापर्यंत ती कधी आली नव्हती. आत गेरिटी, या सगळ्या गाड्याचा म्हातारा मालक, बूट काढून पाय खुर्चीवर टाकून बसला होता.

"मिस्टर गेरिटी, त्याची चूक नाही. मी त्याला पाठ करायला लावलं."

"तू?" त्यानं चष्मा वर केला. "का?"

"लोक म्हणतात म्हणून. वाचतो म्हणतात."

"लोक! आपल्याकडे कधी कुणी म्हणालं नाही की यंदा बरं चाललंय. पहिल्या वर्षीसुद्धा नाही. तेव्हा म्हणायचे, हे नाटकासारखं नाही." त्यानं मोज्यातला अंगठा हलवला. "रस्टीचं काय करू? आणि या पोराचं? समोर यादी आहे, उद्या सह्या. विनोदी आहे का तो?"

"ते सांगणं माझं काम नाही."

"आज आहे. बाकी सगळे पडद्यावर बघतात, मीसुद्धा. तू आठ फुटांवरून बघतेस. बोल."

हालिनाच्या हाताला शाई होती, ती कोटाला पुसत राहिली. खोटं बोललं तर पोरगं वाचेल. पण विनोदी नसलेल्या माणसाला या धंद्यात वाचवणं ही कसली दया? दर रविवारी चार हजार माणसं त्याला पुन्हा मारणार.

"सप्टेंबरात नव्हता," ती म्हणाली. "आठच्या तालमीला हुशार होता. शाळेत पहिला येणारा असतो तसा. विनोदी नव्हता. फोन सापडला नाही ना, तेव्हा..." तिनं पुठ्ठा धरल्यासारखे दोन्ही हात वर केले. "तेव्हा माझा पुठ्ठा हलला."

गेरिटीनं पाय खाली घेतले. "कधी हलला होता याआधी?"

"एकदा. शिंक आली होती."

त्यानं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग यादी ओढून घेतली. "मेपर्यंत ठेवतो. रस्टीची माफी त्यानंच जाऊन मागायची, घरी जाऊन. आणि पाठांतर बंद. पुठ्ठा बघायचा."

"लोक म्हणतील, वाचतो."

"म्हणतीलच. जा, सांग त्याला."

सांगायला मार्लो जागेवर हवा होता. वैद्याचा पांढरा कोट खुंटीला होता, तो नव्हता. सगळे ज्या हॉटेलात जमतात तिथं हालिना कधी जात नसे, तिथंही ती दारातून डोकावून आली. मग रस्त्यावर. डिसेंबरचा वारा कानशिलात लागत होता, पिवळ्या टॅक्स्या अंगावर चिखल उडवत होत्या. ती जवळजवळ धावतच होती, स्वतःच्या वयाला शोभणार नाही अशी. दोन चौक पलीकडे, क्वीन्सला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर तो उभा दिसला.

"मेपर्यंत!" ती लांबूनच ओरडली. "राहिलास तू, मेपर्यंत!"

त्यानं ऐकलं. पण उडीबिडी मारली नाही. थांब्याच्या खांबाला धरून खाली वाकला, धाप लागल्यासारखा, आणि मग पहिलाच प्रश्न विचारला, "लोक काय म्हणतायत?"

हालिनाच्या खिशातल्या फोनवर भावाचा निरोप येऊन पडला होता. तिनं फोन हात लांब करून धरला आणि मोठ्यानं वाचला, "'हा दंतवैद्य कोण? नवीन घेतलाय का? याला आधी का आणला नाही? पण एक सांग त्याला. कानाला मूठ होती, मग त्याच हातानं खिशातून दात बघायचा आरसा काढला. मग फोन गेला कुठं? आमच्या वेळी असल्या चुका खपायच्या नाहीत.'"

"ठेवला नाही मी?" मार्लोनं कपाळाला आठ्या घातल्या. "नाही, ठेवला असणार. आधी जोसेलिन हसली, मग मी आरसा..." त्यानं मूठ वळून कानाला लावली, खाली आणली, बोटं उघडली. "हं. नाही ठेवला. तुमच्या भावाचं बरोबर आहे." पुन्हा मूठ कानाला. आता फोन जरा उंच ठेवून पाहिला, मग खांद्याशी, मग जणू आईनंच आधी आदळला आणि आपल्या कानठळ्या बसल्या असं.

बस आली, दार उघडलं. चालक दोघांकडे बघत थांबला.

"हळू ठेव," हालिना म्हणाली. "आई अजून बोलतेय."

बसचं दार बंद झालं, बस दोघांना न घेताच गेली. त्यानं पुन्हा मूठ वळली.