धाकटीची जिम

थोरलीचं वजन उतरायला लागलं आणि धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. ऑपरेशन एकीचं आणि कळा दुसरीला, असं कुणी म्हणालं असतं तर ते खोटं नव्हतं. पण म्हणणार कोण? घरात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

दोघी सख्ख्या जावा, एका घरात, एका ओट्याशी. घरातली कामं वाटून दिलेली होती तशी रूपंही वाटून दिलेली होती. थोरली जाडी आणि गुणाची, धाकटी शिडशिडीत आणि देखणी. थोरली बालवाडीत शिकवायची, पण मुलांच्या खुर्चीत मावायची नाही म्हणून उभ्यानेच शिकवायची. धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असायची. दुकानात जिकडेतिकडे आरसे, आणि ज्यात डोकवावं त्यात आपली ती. इतकी वर्षं सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग डॉक्टरांनी थोरलीचं पोट कापून लहान केलं आणि वर्षभरात बाई अर्धी झाली. जन्मात कुणाचं कौतुक न केलेल्या सासूबाई म्हणाल्या, चेहरा किती गोड निघाला गं तुझा. धाकटीचा नवरा, ज्याला बायकोने केस कापले तरी चार दिवसांनी कळायचं, तो म्हणाला की वहिनींनी कमाल केली. दोन बाळंतपणांनंतर धाकटी पुन्हा होती तशी झाली होती, तेव्हा तिला कोण काय म्हणालं होतं? नळाला पाणी यावं तसं ते सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिने कंबर राखली होती ती पोट मारून. आणि ही आली आयत्या बिळावर नागोबा होऊन! धाकटीचा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की आता कातडी लोंबतेय, अंगात ताकद भरायला हवी, चांगली जिम बघा. सगळ्यांच्या नजरा जिमला जाणाऱ्या धाकटीकडे वळल्या. तिने लगेच सांगून टाकलं की माझी जिम भरलीये, तिथे जागाच नाही. साफ खोटं. त्या जिमच्या दारावर नव्या सभासदांना सवलतीची पाटी लटकत होती. पण ती जिम तिची होती. तिथली ट्रेनर बाई नव्या बायकांना धाकटीकडे बोट दाखवून सांगायची, "हे बघा, दोन मुलांची आई!" हे वाक्य आता जगात फक्त त्या एकाच खोलीत उरलं होतं आणि त्यात वाटेकरी घ्यायची धाकटीची तयारी नव्हती.

रविवारी ती जावेला घेऊन दुसऱ्या जिम बघायला निघाली. पहिली जिम तळघरात होती. घामाचा वास, कानठळ्या बसवणारी गाणी आणि वजनं आपटत हुंकारणारी पोरं. ऑपरेशनचं ऐकल्यावर तिथला मालक म्हणाला, मग तर जडच उचला, आणि पावडरीचे डबे दाखवायला लागला. थोरलीने हात जोडले.

दुसरी जिम धाकटीने फार विचार करून निवडली होती. तिथे जमिनीपासून छतापर्यंत नुसते आरसे. या बाईने स्वतःला एकदा नीट पाहिलं की जिमचं नाव काढणार नाही, असा तिचा हिशेब होता. थोरलीने आरशासमोर हात वर केला. दंडाची कातडी खाली लोंबली. धाकटी तिचा चेहरा पडायची वाट बघत राहिली.

थोरलीने ती कातडी चिमटीत धरून हलवली. "उशी काढून घेतली आणि अभ्रा राहिला," ती म्हणाली आणि खळखळून हसली. काउंटरवरची मुलगीही हसली. घरात थोरली कधी मानेखाली आरशात बघायची नाही. इथे वळून वळून पाठमोरीसुद्धा बघत होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच, धाकटीने मनात म्हटलं.

तरी ही जिमही थोरलीला पटली नाही. शिकवायला सगळे पुरुष होते. टाके कुठेकुठे आहेत ते त्यांना कसं दाखवू, असं तिचं म्हणणं पडलं. मग तिने सहज विचारलं, तुझ्या जिममध्ये बाई आहे ना? चल, नुसतं विचारून येऊ, एखादी जागा झाली असेल. धाकटीला निघावंच लागलं.

"जागा? भरपूर आहे की," तिथे दारातच उत्तर मिळालं. थोरली जावेकडे एकदा बघून सरळ आत गेली, त्यामुळे धाकटी आणखीच चिडली.

ट्रेनर बाईने थोरलीला खुर्ची दिली आणि नीट विचारलं. ऑपरेशन कधी झालं, डॉक्टरांनी किती वजन उचलायला सांगितलंय, खाणं किती जातं, चक्कर येते का. सगळी कातडी काही आवळली जाणार नाही, पण दंड भरतील, पाठ ताठ होईल, हेही तिने न लपवता सांगितलं. हातात रबरी पट्टा देऊन दोनदा ओढून घेतला. थोरलीचा चेहरा खुलला. मग ट्रेनरने तिच्या खांद्यावर हात ठेवून बाकीच्या बायकांना हाक मारली. "हे बघा," ती म्हणाली, "याला म्हणतात जिद्द!"

धाकटी मागे दोघींच्या पर्सा धरून उभी होती.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच उरल्यावर तिचा बांध फुटला.

"जिद्द कसली त्यात? तुम्ही कापून घेतलंत. जिद्द मी केली. अठरा वर्षं रोज रात्री भुकेली झोपते मी. पोटात कावळे ओरडतात, झोप लागत नाही. कुणी विचारलं मला?"

थोरली बुटाची नाडी बांधत होती. तिचा हात थांबला. आता ही खोट्याबद्दल जाब विचारणार, म्हणून धाकटी भांडायच्या तयारीत उभी राहिली.

"तुला भूक लागते?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे?"

"ताटावरून उठताना तू रोज म्हणायचीस, मला भूकच नाही. मला ते खरं वाटायचं गं. मी रोज जळायचे तुझ्यावर. हिला देवाने भूकच दिली नाही आणि माझ्या पदरात दोघींची टाकली, असं म्हणायचे. डॉक्टरांनी विचारलं ऑपरेशन कशासाठी करताय, तर मी सांगितलं, मला माझ्या जावेसारखं व्हायचंय."

धाकटी खाली बसली.

"एकदा तरी सांगायचंस," थोरली म्हणाली. "दोघी मिळून उपाशी राहिलो असतो."

बाहेरून ट्रेनरने विचारलं, नव्या बाईंना कुठली वेळ देऊ. धाकटीने आपलीच वेळ सांगितली आणि मग तिला रडू फुटलं.