उत्तरेच्या खिडकीतला उजेड

शाळेत पहिला तास सुरू व्हायच्या आधी आमच्या बाई सगळ्या वर्गाला व्हरांड्यात उभं करायच्या. पाच मिनिटं वर बघायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. ‘निळं’ लिहायला बंदी, ‘छान’ लिहायला बंदी, आणि कालचंच वाक्य आज लिहिलं तर पुन्हा व्हरांड्यात. मला या प्रकाराचा भयंकर संताप यायचा. गणितं सुटत नव्हती ती नव्हतीच, वर हे आकाश! पण खोड लागली ती लागलीच. शाळा सुटून सहा वर्षं झाली तरी दात घासताना मी वर बघायचे आणि चहा उकळेपर्यंत वहीत ओळ पडलेली असायची.

बाबा माझी टिंगल करायचे. “दहावीपर्यंत शिकवलं, आणि शिकली काय, तर वर बघायला! कोणते दिवे लावणार आहेस त्याने?”

बाबा रंगखान्यात मिस्त्री होते. कापड रंगवून घ्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी ते जुळलं की नाही हे ठरवायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं ते ‘हो’ म्हणाले की माल बाहेर पडायचा. मी त्याच रंगखान्यात रंगाची पूड तोलायचे, त्यामुळे घरी आणि कामावर, दोन्हीकडे बोलणी मलाच.

त्यांची एक पद्धत होती. दिव्याखाली रंग बघायचा नाही. उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल, त्यावर नमुना आणि कापड शेजारीशेजारी. तेही बाहेर लख्ख ऊन असेल तर नाही. “ऊन थापा मारतं,” ते म्हणायचे. ढग आले, उजेड सगळीकडे सारखा झाला, की मगच निवाडा. माल कितीही घाईचा असो, मालक गप्प बसायचे, कारण बाबांचा निवाडा कधी चुकला नव्हता.

मग एकदा चुकला. राखाडी कापडाचे चाळीस तागे परत आले. नमुना राखाडी आहे आणि तुमचं कापड जांभळट, असा गिऱ्हाइकाचा निरोप होता. मालकांनी एक तागा खिडकीपाशी उलगडला. बाहेर स्वच्छ ऊन होतं, आणि ती जांभळी झाक शेंबड्या पोरालाही दिसली असती. पंधरा दिवसांनी दुसरा माल परत आला. तीच तक्रार.

मालक माणूस वाईट नव्हते. हळू आवाजात म्हणाले, “मिस्त्री, वय झालं की डोळे दगा देतातच. हा महिना काढा, मग घरी आराम करा.”

बाबा भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर उशीचा अभ्रा हातात घेऊन त्यांनी आईला विचारलं, “हा हिरवाच आहे ना गं?” आई “हो, हो” म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. नोकरी जाईल याचं दुःख होतंच. पण माझ्या बाबांना अभ्र्याचा रंग दुसऱ्याला विचारावा लागतो, हे मला फार झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी रंगखान्याच्या रजिस्टरमधून तारखा उतरवून आणल्या आणि माझी आकाशाची वही उघडली. बाबांनी माल पसंत केला ते दोन दिवस: ‘सकाळपासून एकच ढग, त्याला कड म्हणून नाही’ आणि ‘धुऊन ताणलेली चादर’. माल परत आला ते दोन दिवस: ‘इतकं रिकामं की हाक मारली तर घुमेल’ आणि ‘आज गच्च्यांच्या कडा बोटाला लागतील’. पसंती ढगात, तक्रार उन्हात. आणि दोन्ही मालांच्या राखाडीत मालकांनी नव्यानेच आणलेली निळी पूड होती. ती मीच तोलली होती.

मी तडक मालकांकडे गेले. “डोळ्यांचा दोष नाही, पुडीचा आहे. तेच कापड ढगात बघा, जुळेल.”

“रंग काय आकाश बघून बदलतो?”

“या पुडीचा बदलतो. मी चुकले तर मलाही घरी पाठवा.” जीभ माझी आधीपासूनच लांब.

पुढचे पाच दिवस आकाशाने असं काही रूप दाखवलं की वहीत ओळी मावेनात. कधी नव्हे तो सगळा रंगखाना माना वर करून बघत होता आणि त्या देखण्या निळाईला शिव्या घालत होता. रंगाच्या हौदावरची माणसं येताजाता विचारायची, “काय गं, ढगांना आमंत्रण द्यायचं विसरलीस का?”

सहाव्या दिवशी दुपारी ढग आले आणि उजेड मऊ झाला. मी तागा उलगडून वर नमुना ठेवला. नमुना कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं, तेच कळेना. मालक वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

“मिस्त्री, माझंच चुकलं,” ते म्हणाले. “ती पूड आजपासून बंद. तुम्ही कुठेही जायचं नाही.”

बाबा खुर्चीत बसले. नमुना आणि कापड त्यांनी पुन्हा एकदा शेजारीशेजारी लावलं.

दोन दिवसांनी कामावर जायच्या आधी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर शाळेत आले. व्हरांड्यात नवी पोरं वर तोंड करून उभी होती. बाबांनी बाईंना हात जोडले. “बाई, तुमच्या त्या वहीने माझी अब्रू राखली. तुमचे उपकार कसे फेडू? शिक्षण कशासाठी असतं ते मला या वयात कळलं. पोरीला तुम्ही कामाचं शिकवलंत.”

बाईंचे डोळे भरले, पण त्यांनी मान हलवली. “वही कामाला आली याचा आनंद आहे. पण मी ती कामासाठी लिहायला लावली नव्हती.”

“मग कशासाठी?”

“तुम्ही तीस वर्षं आकाशाच्या उजेडात बसलात. तुम्हीच सांगा ना, कसं असतं ते?”

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, “मी कापडाकडे बघत होतो, बाई.”

त्यांची नोकरी वाचली म्हणून मी बाईंची ऋणी होतेच. पण रोज सकाळी मला जे फुकट मिळत होतं, ते माझ्या बाबांना एकदाही मिळालं नव्हतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं.

बाबा व्हरांड्याच्या कडेला गेले आणि त्यांनी मान वर केली. पोरं वर्गात गेली, तास सुरू झाला. मी दोनदा हाक मारली. कामाला उशीर होतो म्हणून जन्मभर माझ्या मागे लागलेला माणूस वळलासुद्धा नाही.

“थांब जरा,” ते म्हणाले.